गणपतीपुढची नेरळ–माथेरान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता, ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’. मी त्यांना म्हटलं, त्या संधी आता आपली मुलंच आपल्याला समजावून सांगतात. तेवीस वर्षं मी ते काम करते आहे, पण नेरळच्या माणसांपुढे उभं राहून सांगावं असं त्यात फारसं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते आमच्या घरच्या गणपतीतलं. गेली चार वर्षं आमच्या गणपतीपुढे नेरळ–माथेरानची गाडी धावते. टेबल चार फूट लांब, अडीच फूट रुंद. एवढ्याशा जागेत ती कशी बसवली, कोणी कोणी काय केलं आणि मुळात ती का केली, हे आज सांगते.

आपल्यापैकी प्रत्येकाचं लहानपण त्या गाडीच्या शिट्टीवर गेलं. शाळेच्या वेळा आपण तिच्यावर लावायचो. पण जी गोष्ट रोज दिसते तिची माहिती आपण घेत नाही. मलाही हे काम हातात घेईपर्यंत माहीत नव्हतं, की आपल्या गाडीचे रूळ एकमेकांपासून ६१० मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर दोन फुटांवर असतात. शेजारच्या कर्जत लोकलचे १६७६ मिलिमीटरवर. हा मार्ग १९०७ साली सुरू झाला. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तो बांधला आणि वडिलांनी पैसा पुरवला. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर, माथेरान सुमारे ८०० मीटर. हा सगळा चढ गाडी साधारण २० किलोमीटरमध्ये चढते. काही ठिकाणी चढ वीसास एक आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. सर्वांत आवळ वळणाची त्रिज्या फक्त ६० फूट. एवढ्या आवळ वळणावर साधं इंजिन अडकेल, म्हणून जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीने इंजिनांच्या कडेच्या आसांना थोडं इकडेतिकडे वळता येईल अशी खास रचना केली होती. वाफेची ती इंजिनं आपल्या पिढीने धावताना फारशी पाहिली नाहीत. आपली आठवण डिझेलची.

आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण तिच्याकडे आपण या नजरेने पाहिलेलं नसेल. पावसाळ्यात ही गाडी बंद असते. अलीकडे अमन लॉज ते माथेरान तेवढी चालते, पण नेरळहून वर जाणारी नाही. म्हणजे भाद्रपदात, जेव्हा आपण सगळे गावी येतो, घरं भरलेली असतात, पोरांना सुट्टी असते, नेमकी तेव्हा गाडी नसते. मुंबई-पुण्याला वाढणाऱ्या आपल्या मुलांनी नेरळ पाहिलं ते बहुतेक गणपतीत. त्यामुळे नेरळची गाडी त्यांनी पाहिलेलीच नाही.

आमच्या घरी तर त्याहून वाईट. २०१९च्या पावसात मार्ग खचला आणि गाडी पार २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. २०२२च्या मे महिन्यात माझा मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा, माझ्याबरोबर स्टेशनवर उभा होता. नॅरोगेजच्या रिकाम्या रुळांकडे बघून म्हणाला, “आई, ही गाडी खरंच होती, की तुम्ही लोक सांगता तेवढंच?” मला उत्तर सुचलं नाही असं नाही, पण ऐकून बरं वाटलं नाही.

त्याच वर्षी घरात दुसरा विषय चालला होता. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी तो होऊन गेला असेल, काहींच्या घरी सध्या चालू असेल. त्याआधीच्या दिवाळीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालतात. बाबा कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर होते. बत्तीस वर्षं पहाटेची लोकल. आमच्या गणपतीचं मखर दरवर्षी त्यांच्या हातचं. आईची पंचाहत्तरी जवळ आलेली. दादा खारघरला, मी पुण्याला. वटपौर्णिमेच्या सुमारास दादाने फोनवर विषय काढला, की मूर्ती आता खारघरला आणावी. लिफ्ट आहे, बाबांना त्रास नाही, आईला चुलीपुढे उभं राहायला नको. त्याचं काहीच चुकत नव्हतं. आई म्हणाली, “तुम्ही ठरवाल तसं.” बाबा काही बोललेच नाहीत. शेवटी ठरलं, की हे वर्ष नेरळला करू आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. ‘पुढच्या वर्षीचं बघू’ याचा अर्थ सगळ्यांना कळला होता.

मग मी म्हटलं, शेवटचाच असेल तर यंदा मखराऐवजी आपली गाडी करू. बाबांना फोन केला. ते म्हणाले, “कोण करणार? माझा एक हात गेलाय.” मी म्हटलं, “बाबा, तुम्ही फक्त सांगायचं.” त्यावर ते म्हणाले, “आधी माप काढ. मग बोलू.”

तर मापापासून सुरुवात करते, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

हौशी लोकांच्या छोट्या रेल्वेत काही ठरलेली मापं असतात. सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ. त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान करतात आणि रूळ साडेसोळा मिलिमीटरवर असतात. त्याहून लहान ते एन. त्याचे रूळ ९ मिलिमीटरवर, आपल्या करंगळीच्या नखाएवढे. आता आपली गाडी दोन फुटांची. नॅरोगेज गाड्या करणारे एक जुनी युक्ती वापरतात. रूळ आणि चाकं एनची घ्यायची आणि वरचे डबे, माणसं, घरं मोठ्या मापाची करायची. आम्ही ७६ पटींचं माप धरलं. ६१० भागिले ७६ म्हणजे ८ मिलिमीटर. रूळ ९चे. एका मिलिमीटरचा फरक राहिला, तो बाबांनी ‘चालेल’ म्हणून सोडून दिला. फिटर माणसाने एक मिलिमीटर सोडणं ही आमच्या घरातली ऐतिहासिक घटना आहे. या मापात साडेपाच फुटांचा माणूस सव्वादोन सेंटीमीटरचा होतो.

वळणाच्या बाबतीत मात्र आमचं नशीब जोरावर होतं. टेबलावरच्या रेल्वेत वळणं नेहमी खोटी असतात. खऱ्या राजधानी एक्स्प्रेसचं वळण मापात उतरवायचं तर एक अख्खी खोली लागेल. आपल्या गाडीचं ६० फुटांचं वळण ७६ने भागलं तर २४ सेंटीमीटर येतं. टेबलावर मावणारं वळण जवळपास तेवढंच असतं. म्हणजे जे इतरांना नाइलाजाने खोटं करावं लागतं, ते आपल्या गाडीला खरं शोभतं. हा आकडा मी रात्री अकरा वाजता बाबांना फोन करून सांगितला. ते जागेच होते.

बाकी मात्र सोडावं लागलं. २० किलोमीटर भागिले ७६ म्हणजे अडीचशे मीटरपेक्षा जास्त रूळ. आमच्या टेबलावर मावले ४ मीटर. डोंगराची ७६० मीटर उंची मापात १० मीटर होते, म्हणजे तीन मजली इमारत. आमचा चढ १२ सेंटीमीटरचा. म्हणजे खऱ्या जगात नऊ मीटर, साधारण या शाळेच्या गच्चीएवढा. तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला एका रविवारी सगळे बसलो. प्रत्येकाने एकच गोष्ट मागायची असा नियम केला. बाबांनी नेरळ स्टेशन मागितलं. आईने जुम्मापट्टी मागितली, कारण लग्नानंतर पहिल्यांदा वर जाताना तिथे गाडी बराच वेळ थांबली होती आणि तिने काकडी खाल्ली होती. मुलांनी बोगदा मागितला. संपूर्ण मार्गावर तो एकच आहे आणि त्याचं ‘वन किस टनेल’ हे नाव मुलांना कसं समजावायचं यावर वहिनी आणि माझी थोडी चर्चा झाली. दादाने कठड्यावर बसलेली माकडं मागितली. मी वळण मागितलं. वॉटर पाइप आणि अमन लॉज दोन्ही गेली. खऱ्या मार्गावर घोड्याच्या नालेसारखी वळणं आहेत. आम्ही जागेअभावी डोंगराला दीड वेढा घातला, त्याचा अर्धा भाग बोगद्यात लपवला.

चढाचा हिशोबही सांगते, कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. वीसास एक म्हणजे शंभर सेंटीमीटरला पाच. छोटं इंजिन हलकं असतं, एवढ्या चढावर चाकं जागच्या जागी फिरतात, वळणावर तर जास्तच. आम्ही शंभराला चार ठेवला. २५ सेंटीमीटर त्रिज्येचा एक वेढा म्हणजे १५७ सेंटीमीटर. तेवढ्यात गाडी सव्वासहा सेंटीमीटर वर येते आणि खालच्या रुळावरून जाणाऱ्या डब्याच्या टपाला वरचा रूळ लागत नाही. इंजिनाच्या पोटात मासे धरण्याच्या गळाला लावतात तशा शिशाच्या गोळ्या कागदात गुंडाळून बसवल्या. मग ओढण्याची परीक्षा घेतली. मागे डबे जोडून त्यात खडीसाखर टाकत गेलो. तीन डबे आणि सोळा खडे घेऊन गाडी वर गेली, सतराव्या खड्याला थांबली. सतरावा खडा परीक्षकांनी खाल्ला.

इंजिनाचा तळ, म्हणजे मोटर आणि चाकं, काटो या जपानी कंपनीचा तयार घेतला. त्यावरचा निळा सांगाडा आणि डबे जाड पुठ्ठ्याचे. हे बाबांचं खातं. उजव्या हाताने ते रेघ मारू शकत होते, ब्लेड चालवू शकत होते, पण पट्टी दाबून धरायला हात नव्हता. दादाचा धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. त्याला सांगितलं, तू आजोबांचा डावा हात. त्याने ती नोकरी इतकी मनावर घेतली की आजोबा चहा प्यायला लागले तरी बशी धरायला हजर. श्रावणातले सगळे शनिवार-रविवार ही जोडी ओसरीवर बसून डबे कापत होती. पहिला डबा वाकडा झाला, दुसरा बरा, तिसऱ्यावर बाबांनी शिक्कामोर्तब केलं. झटक्यानंतर डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले होते, ते बाबा करत नसत. डब्याच्या खिडक्या कापायला मात्र रोज बसत.

आता डोंगर. पूर्वी थर्माकोल असायचा. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, आणि खरं सांगायचं तर थर्माकोलचा डोंगर कधी सह्याद्रीसारखा दिसतच नाही, तो केकसारखा दिसतो. आम्ही खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून सांगाडा केला. त्यावर काय घालायचं यावर खल चालू असताना आई स्वयंपाकघरातून आली, हात पुसत म्हणाली, “कागद कशाला चिकटवताय? जुनं सुती लुगडं खळीत बुडवून टाका वर.” आणि मग तिनेच ते केलं. मैद्याची खळ शिजवली, त्यात थोडा मोरचूद घातला, बुरशी-किडे नकोत म्हणून, आणि तो हातमोजे घालून तिने स्वतः घातला, मुलांना हात लावू दिला नाही. लुगडं पिळून सांगाड्यावर टाकलं आणि बोटांनी निऱ्या काढायला लागली. पन्नास वर्षं निऱ्या काढलेले हात. दहा मिनिटांत समोर सह्याद्रीच्या कड्याच्या घळी उभ्या राहिल्या. आम्ही सगळे गप्प बघत होतो. वाळल्यावर ते कापड पत्र्यासारखं कडक झालं.

मला तेव्हा एक गोष्ट जाणवली ती इथे बोलते, कारण समोर माझ्या वर्गातल्या मुली बसल्या आहेत. आपल्या लहानपणी मखर हे मुलग्यांचं काम होतं. वाड्यातली मुलं रात्रभर जागून कागद कापायची, दिव्यांच्या माळा जोडायची आणि आपण आत मोदकांच्या पाऱ्या करायचो. त्यात कुणी वाईट हेतूने काही केलं नाही, ती पद्धतच होती. मी पुढे इंजिनिअरिंग केलं, पण पहिल्यांदा डाख लावायची सोल्डरिंग आयर्न हातात आली ती कॉलेजात, घरी बाबांची पडलेली असताना. आणि आई तर लग्न झाल्यापासून आरती स्वयंपाकघरातूनच म्हणायची. डोंगर करायला ती बाहेर बसली, तेव्हा प्रश्न आला की आत कोण? त्या वर्षी दादाने आणि माझ्या नवऱ्याने उकड काढली. मोदकांना कळ्या पडल्या नाहीत, काही मोदक करंजीच्या जवळचे होते. बाप्पाने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी सुधारले.

डोंगराला माती लावली ती माथेरानची. दादाने एका रविवारी वर जाऊन पिशवीभर तांबडी माती आणली. ती चहाच्या गाळणीने गाळली. एक सूचना, कुणी करणार असेल तर मातीतून आधी चुंबक फिरवा. तिच्यात लोहाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरीला जाऊन चिकटतात. रुळांखालच्या खडीसाठी वहिनीने रवा सुचवला. आईने तिथल्या तिथे नामंजूर केला, मुंग्या येतील म्हणून. गाळलेली वाळू वापरली. झाडांना लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला आणि तो तुळशीच्या वाळक्या काड्यांवर चिकटवला. कड्यांवरचं शेवाळ मात्र खरं. भाद्रपदात नेरळला शेवाळ विकत घ्यावं लागत नाही, मागच्या भिंतीवरून खरवडून आणलं. रोज पाणी शिंपडलं की पाचही दिवस हिरवंगार.

राहिली वीज आणि माझं खातं. गाडी वर जाणार, माथ्यावर थांबणार, पुन्हा खाली येणार, आणि हे कुणी बटण न दाबता दिवसभर चालणार. त्यासाठी आर्डुइनो नावाचा हातावर मावणारा छोटा संगणक वापरला. प्रोग्राम नव्वद ओळींचा. गाडी टोकाला आली हे त्याला कळावं लागतं. त्यासाठी प्रकाशावर चालणारे सेन्सर स्वस्त मिळतात, पण साध्या प्रकारचे सेन्सर दिव्याच्या ज्योतीनेही फसतात. गणपतीपुढे निरांजन, समई आणि कापूर असणारच. म्हणून शेवटच्या डब्याखाली नखाएवढा चुंबक लावला आणि रुळांमध्ये काचेचे बारीक स्विच, जे चुंबक जवळ आला की जोडले जातात. त्यांना निरांजनाशी देणंघेणं नसतं.

वेगावरून मात्र बाबांशी वाद झाला. मुलांना गाडी सुसाट हवी होती. बाबा म्हणाले, “ही राजधानी नाही. आपल्या गाडीतून उतरून माणूस फूल तोडून परत चढतो.” हिशोब केला. खरी गाडी २० किलोमीटरला सव्वादोन तासांच्या आसपास घेते, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. ७६ने भागलं की सेकंदाला सव्वातीन सेंटीमीटर. चार मीटरला दोन मिनिटं. एवढ्या हळू छोटी मोटर सरळ वीज देऊन चालत नाही, अडखळते. तिला सेकंदाला शेकडो वेळा थोडी थोडी वीज तोडून तोडून द्यावी लागते. तसं केलं आणि गाडी खरोखर आपल्या गाडीसारखी कण्हत चढायला लागली. बाबा खुर्ची ओढून तासभर बघत बसले.

सणाच्या घरात रेल्वे चालवायची तर काही गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत, त्या सांगून ठेवते. इंजिनाला वीज रुळांतून मिळते, आणि उदबत्ती, धूप, कापूर यांची काजळी रुळांवर बसते. भाद्रपदातला दमट वाराही त्यात भर घालतो. रोज सकाळी पूजेआधी सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसायचे, ते वाळू द्यायचे आणि मगच दिवा लावायचा, कारण ते पेट घेतं. देखावा मूर्तीच्या पुढे नाही, बाजूला ठेवायचा. पुढे ठेवला तर अक्षता, दूर्वा आणि तीर्थ, तिन्ही रुळांवर येतात. कापूस आणि भुसा निरांजनापासून हातभर लांब हवा. वीज बारा व्होल्टचीच, अॅडॉप्टर चांगला, आणि रात्री झोपताना बंद. मोदक खाल्लेल्या हाताने रुळाला हात लावायचा नाही, ही पाटी आमच्या मुलांनीच लावली आहे.

पहिल्या वर्षी सगळा खर्च मिळून चौदा हजारांच्या आत झाला. त्यातले निम्म्याहून जास्त इंजिन आणि रुळांचे, आणि ते दरवर्षी नव्याने करावे लागत नाहीत. हे पैसे सगळ्यांना सहज जमतील असं मी म्हणत नाही. पण इंजिनाशिवायही हे करता येतं. पुठ्ठ्याचा डोंगर आणि दोऱ्याने ओढायची गाडी केली तरी घरातले सगळे टेबलाभोवती तेवढेच बसतील.

हरतालिकेच्या रात्री साडेबारा वाजता गाडी पहिल्यांदा खालून वर कुठेही न अडता गेली. ३१ ऑगस्टला गणपती बसले. त्या वर्षी खरी गाडी ऑक्टोबरात सुरू झाली, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधी आम्ही सेवा सुरू केली होती. पहिल्या डब्यात खडीसाखरेचा एक खडा नैवेद्य म्हणून वर जायचा आणि खाली येताना प्रसाद होऊन यायचा. गौरींच्या दिवशी आळीतल्या बायका, पोरं, स्टेशनवर काम केलेले म्हातारे, सगळे येऊन गेले. एक काका, ज्यांनी या मार्गावर रुळांची देखभाल केली होती, ते वाकून बघत राहिले आणि बाबांना म्हणाले, “तिसऱ्या वळणाला बाहेरचा रूळ जरा उचल. आम्ही उचलायचो.” बाबांनी मला सांगितलं, मी खाली पोस्टकार्डाच्या जाडीची पट्टी सरकवली. गाडीची तिथली डुगडुग थांबली.

आता तुम्ही विचाराल, मूर्ती खारघरला गेली का? नाही गेली. त्या वर्षी विसर्जनाहून परत आलो तेव्हा दादाची मुलगी वहीत लिहीत बसली होती, ‘पुढच्या वर्षी: माथेरान स्टेशनला दिवे, घोडे चार, हातरिक्षा एक’. तिला कुणी विचारलंच नव्हतं की पुढच्या वर्षी कुठे. दादाने ती वही वाचली आणि खारघरचा विषय काढला नाही.

पण गाडीमुळे प्रश्न सुटला असं मी इथे सांगणार नाही. दरवर्षी वटपौर्णिमेच्या आसपास तो निघतोच. आई-बाबा चार वर्षांनी थकले आहेत. घर वर्षातले बरेच दिवस बंद असतं, कौलं दर पावसाळ्यात नवं काहीतरी मागतात. कधीतरी मूर्ती दादाकडे जाईल, त्यात वाईट काही नाही. फरक पडलाय तो एवढाच. पूर्वी आम्ही विचारायचो, ‘कोण करणार?’ आणि सगळे एकमेकांकडे बघायचे. आता विचारतो, ‘यंदा कोण काय करणार?’ आणि मुलं आधी बोलतात. मूर्ती उद्या खारघरला गेली, तरी टेबल बरोबर जाईल आणि हे प्रश्न विचारणारी मुलंही जातील. मुलांना आपण परंपरा जपा म्हणून सांगत राहतो, ती ऐकून घेतात. आमच्याकडे मुलांच्या वाट्याला काम आलं, तेव्हापासून ती सांगावं न लागता येतात. आठ वर्षांच्या मुलाला ‘डावा हात’ ही जबाबदारी मिळाली, तसं काहीतरी खरं काम. खोटं खोटं दिलेलं काम मुलांना लगेच कळतं.

विसर्जनानंतर आम्ही टेबल मोडत नाही. डोंगरावरचं शेवाळ काढून बागेत टाकतो, इंजिन आणि डबे बाबांच्या जुन्या जेवणाच्या डब्यात, टेबल जुन्या चादरीत माळ्यावर. पुढच्या आषाढीला खाली उतरतं. दरवर्षी एक गोष्ट नवी होते. दुसऱ्या वर्षी माथेरान स्टेशन, तिसऱ्या वर्षी दिवे. यंदा दादाच्या मुलीने, आता ती सोळा वर्षांची आहे, मला न विचारता माझा प्रोग्राम पुसून स्वतःचा घातला. तिच्या प्रोग्राममध्ये गाडी जुम्मापट्टीला पाच सेकंद थांबते. का थांबते ते आजीला विचारा, असं म्हणाली.

भाषण लांबलं. शेवटचं सांगते आणि थांबते. ते टेबल आज आम्ही टेम्पोतून इथे आणलं आहे. खालच्या मजल्यावर, आपल्या चित्रकलेच्या वर्गात ठेवलंय. जेवणाआधी सगळ्यांनी बघून जा, मुलांना घेऊन जा. हात लावायला परवानगी आहे, फक्त हात धुऊन. बाबा तिथे खुर्चीवर बसले आहेत. काय विचारायचं ते त्यांना विचारा, मापं सगळी त्यांना तोंडपाठ आहेत. फक्त वेग वाढवू नका. ते ओरडतात.